जुनी एमएक्स-५ सिग्नलला गरम होते? रेडिएटर मागवण्याआधी या चुका टाळा

माझ्याकडे १९९१ सालची माझ्दा एमएक्स-५ आहे, १.६ लिटर इंजिनाची. इंग्लंडात राहून तिचं सगळं काम मी स्वतः करतो, आणि ओळखीतल्या मराठी मंडळींच्या दोन-तीन गाड्याही माझ्या दारात येऊन उभ्या राहतात. जुलैमध्ये लंडनभोवतीचा एम-२५ हायवे तुंबला की फोन सुरू होतात: "तापमानाचा काटा वर चाललाय, रेडिएटर मागवू का?"

नका मागवू. आधी एवढंच सांगा, गाडी थांबल्यावर गरम होते की पळताना? ताशी सत्तर मैलांच्या वेगाने जाताना वाराच रेडिएटर थंड ठेवतो, फॅनची गरज नसते. तेव्हा काटा चढत असेल तर पाण्याचं अभिसरण, बुजलेला रेडिएटर किंवा पुढच्या बाजूला खाली असणारं प्लास्टिकचं पान बघा. हे पान बरेच जण काढून फेकतात. हवा रेडिएटरमधून जावी म्हणूनच ते तिथे लावलेलं असतं. पण पळताना ठीक आणि सिग्नलला गरम, असं असेल तर नव्वद टक्के वेळा माझा हात आधी फॅनच्या वायरिंगकडे जातो.

"फॅन तर फिरतोय ना!"

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून सविस्तर सांगतो.

नाशिकचा एक तरुण आहे, रेडिंगला नोकरी करतो. त्याने जपानहून आलेली युनोस रोडस्टर घेतली. हीच गाडी, जपानमधलं नाव वेगळं. सिग्नलला काटा वर जायचा. महिन्याभरात त्याने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) बदलला, मग रेडिएटर, मग वॉटर पंप. पंपासाठी टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, म्हणजे एक अख्खा शनिवार-रविवार गेला. तरी सिग्नलला काटा वरच. शेवटी गाडी माझ्याकडे आणली. मी पहिलं विचारलं, "फॅन बघितलास का?" तो म्हणाला, "दादा, फॅन तर व्यवस्थित फिरतोय, मी डोळ्यांनी बघितलंय."

फिरत होता हे खरं. मी वहीचं एक पान फाडलं आणि गाडीच्या तोंडातून जाळीसमोर धरलं. फॅन रेडिएटरच्या मागे असतो आणि हवा आत ओढतो, त्यामुळे पान जाळीला चिकटायला हवं. ते उडून माझ्या छातीवर आलं.

आधीच्या मालकाने फॅनचा जळलेला कनेक्टर बदलताना दोन वायरी उलट जोडल्या होत्या. डीसी मोटर, वायरी उलटल्या की उलटी फिरते. फॅन आतली गरम हवा पुढे ढकलत होता. हायवेला समोरचा वारा जोरात असल्याने फॅनचं काही चालायचं नाही आणि गाडी थंड राहायची. सिग्नलला मात्र तोच फॅन रेडिएटरला भाजून काढत होता. मी कनेक्टरमधल्या दोन पिना काढून अदलाबदल करून बसवल्या, सात-आठ मिनिटांचं काम. एक महिना आणि तीन पार्ट वाया गेले होते, आणि त्या पोराचा चेहरा उतरला तो बघून मलाच वाईट वाटलं.

तेव्हापासून माझ्या टूलबॉक्समध्ये कागद असतोच. कोणाचीही गाडी आली की पहिली चाचणी कागदाची. एसी असेल तर पुढे कंडेन्सर, म्हणजे एसीची जाळी लागते, तिथेही पान चिकटलंच पाहिजे.

"मल्टिमीटर बारा व्होल्ट दाखवतोय"

दुसरी चूक शिकलेल्या माणसांकडून जास्त होते. फॅनचा कनेक्टर काढायचा, मीटर लावायचा, १२.४ व्होल्ट दिसले की वायरिंग ठीक आहे म्हणायचं आणि नवी मोटर मागवायची. मीटर जवळपास करंट घेतच नाही. वायरीतल्या सगळ्या तारा कुजून एकच तार उरली असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवेल. फॅन लावला की त्या एका तारेतून काय जाणार?

सांगलीत माझे वडील ट्रॅक्टरचं वायरिंग करायचे. त्यांच्याकडे मीटर नव्हता, हेडलाइटचा बल्ब आणि त्याला डकवलेल्या दोन वायरी होत्या. मीही तेच वापरतो. ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. फॅनच्या कनेक्टरवर तो लखलखीत पेटला तर वायरिंग चांगलं, मोटर बघा. मिणमिणला तर कुठेतरी कार्बन धरलाय किंवा अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी) गेलाय.

या गाडीत अर्थ जास्त जातो, कारण बॅटरी डिकीत आहे आणि परतीचा करंट बॉडीतून फिरून मागे येतो. त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. बोल्टखाली गंज आणि तांब्यावर हिरवा कळंक चढतो. फॅन चालू ठेवून मीटरची एक पिन फॅनच्या अर्थ वायरला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. अर्धा व्होल्टच्या वर आकडा दिसला तर तो अर्थ साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मीटरच्या वायरी डिकीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून मी क्रोकोडाइल क्लिप लावलेली पाच मीटरची वायर कायम गाडीत ठेवतो.

साफ करायचं म्हणजे बोल्ट पूर्ण काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत ब्रश मारायचा. वरून स्प्रे मारून झाकण लावायचं हे काम नव्हे. वायर काळी पडली असेल तर लाल तांबं दिसेपर्यंत मागे कापायची आणि नीट क्रिंप करायची. पिळून टेप गुंडाळलेली जोडणी मी ज्या ज्या गाडीत पाहिली, त्या प्रत्येक गाडीत ती पुन्हा सुटली.

फॅन मुळीच फिरत नसेल तर

बॉनेटखाली 'डायग्नोसिस' लिहिलेली छोटी पेटी आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला टर्मिनलची नावं असतात. इग्निशन चालू करून 'टीएफए' (TFA) आणि 'जीएनडी' (GND) एका तारेने जोडा. फॅन सुरू झाला तर फ्यूज, रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा स्विच), मोटर सगळं जिवंत आहे, दोष हुकूम देणाऱ्याचा. सुरुवातीच्या १.६ गाड्यांत हुकूम थर्मोस्टॅटजवळचा थर्मोस्विच देतो, साधारण ९७ अंशांना. १९९४ नंतरच्या १.८ मध्ये ते काम ईसीयू (इंजिनाचा संगणक) करतो, त्यामुळे तिथे थर्मोस्विच शोधत बसू नका. ही एवढी तार जोडायला अर्धा मिनिट लागतो, तरी लोक आधी रिले मागवतात. ही घाई मला समजत नाही.

एसी असेल तर त्याहून सोपं. एसीच्या गाडीत फॅन दोन असतात, एसी लावला की दोन्ही फिरायला हवेत.

बाकीच्या चुका, थोडक्यात

फ्यूज उडतो म्हणून मोठा लावू नका. फॅनचा फ्यूज ३० अँपिअरचा आहे. तो उडत असेल तर मोटर जाम होतेय किंवा वायर शॉर्ट आहे. मोठ्या फ्यूजने वायर जळेल.

डॅशबोर्डवर बटण बसवून फॅन थेट बॅटरीवर चालवू नका. बारीक वायर, मध्ये फ्यूज नाही, आणि एक दिवस बटण दाबायचं राहून जातं. इंजिनाचा हेड ॲल्युमिनियमचा आहे, वाकायला वेळ लागत नाही. बटण हवंच असेल तर त्याने फक्त 'टीएफए' अर्थ करा, फॅनचा भार रिलेला उचलू द्या.

हेडलाइट लावल्याबरोबर काटा हलला तर इंजिन गरम झालेलं नाही. पाणी दोन सेकंदांत तापत नसतं. तो अर्थचा दोष आहे.

काटा मधोमध आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. या गाडीचा काटा बऱ्याच अंशांच्या फरकात जागचा हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्वस्तातला इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या धातूच्या कव्हरवर धरा.

थर्मोस्टॅट काढून गाडी चालवू नका.

रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मूळची काळी असते. ती तपकिरी-हिरवट झाली असेल तर मात्र रेडिएटर खरंच बदला, ती फुटणार आहे.

थर्मोस्विच तपासायचा तर इंजिन थंड असताना काढा आणि जुन्या पातेल्यात पाणी तापवून धातूचं टोक बुडवा. पाणी खळखळ उकळायला लागेपर्यंत मीटरवर सर्किट जुळायला हवं. तसं झालं, तरी गाडीत मात्र फॅन लागत नसेल, तर पाणी कमी आहे किंवा हवा अडकली आहे आणि स्विच कोरड्यात लटकतोय. गाडीचं नाक चढावर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि कॅप काढून इंजिन थंड असतानाच सुरू करून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरा.

काम संपलं की मी गाडी दारातच चालू ठेवतो. फॅन आपोआप लागून आपोआप बंद होणं दोनदा बघितल्याशिवाय मी कोणाच्या हातात किल्ली देत नाही. थंडीच्या दिवसांत याला अर्धा तास लागतो आणि किल्लीसाठी थांबलेला माणूस चुळबुळ करतो. त्याला मी चहा देतो.