विंडोज १० चा लॅपटॉप भंगारात काढण्याआधी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून ओळखीतले लोक मला एकच विचारतात: "आता नवीन लॅपटॉप घ्यावाच लागेल का?" बहुतेकांना मी नाही म्हणून सांगतो. मशीन चालूच राहतं, फक्त सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात. पण त्यावर बँकेचे व्यवहार करत असाल, तर तसंच वापरत राहू नका.

आधी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटचं पान उघडा. विंडोज ११ चालेल असं तिथे दिसलं तर प्रश्नच मिटला. घोडं अडतं ते बहुधा टीपीएम २.० पाशी (ही लॅपटॉपमधली सुरक्षेची चिप) किंवा प्रोसेसरपाशी. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर, अगदी मोजके सोडले तर, विंडोज ११ च्या यादीतच नाहीत. टीपीएम मात्र कधीकधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) नुसता बंद असतो, तो चालू करून पाहा. अटी चुकवून विंडोज ११ घालायच्या युक्त्या मी कुणालाही सुचवत नाही, कारण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नसते. घाई नसेल तर त्याच पानावरून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करता येते, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

एवढं करूनही जमलं नाही, तर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी घालायची मोफत सिस्टीम. पहिल्यांदाच लिनक्स वापरणाऱ्याला मी हेच देतो, कारण खाली मेनूचं बटण, उजवीकडे घड्याळ, सगळं ओळखीच्या जागी असतं. चार जीबी रॅम असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, आठ असेल तर सिनॅमन.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. डॉक्युमेंट्स सगळ्यांच्या लक्षात राहतात. डेस्कटॉपवरच्या फाइल्स, डाउनलोड्स आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड हमखास राहून जातात. मग मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम असलेली एकच फाइल) उतरवून एचर नावाच्या प्रोग्रॅमने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. लॅपटॉप सुरू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून (कंपनीप्रमाणे की बदलते) पेनड्राइव्ह निवडा.

आता समोर मिंटचा डेस्कटॉप येईल. डिस्कला अजून हात लागलेला नाही, मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतंय. इथे इन्स्टॉलच्या आयकॉनवर लगेच क्लिक करू नका. एखादी दुपार याच अवस्थेत काम करून बघा. वायफाय जोडा, व्हिडिओ लावून आवाज ऐका, हेडफोन घालून-काढून बघा, कॅमेरा उघडा, ब्राइटनेसच्या की दाबा, घरातल्या प्रिंटरवर एक पान काढा. झाकण मिटून दहा मिनिटांनी उघडा: स्क्रीन परत आली का, वायफाय पुन्हा जोडलं गेलं का? जुन्या लॅपटॉपचं बिंग इथेच फुटतं. पेनड्राइव्हवरून सगळं जरा संथ चालेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

ज्या प्रोग्रॅमवर पोट चालतं त्याचा विचारही आत्ताच करा. वर्ड-एक्सेलच्या साध्या फाइल्स लिबरऑफिसमध्ये उघडतात, पण मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या शीट अडखळतात. फोटोशॉपवर रोजचं काम असेल तर मिंटच्या वाटेला जाऊच नका, हे मी तोंडावर सांगतो.

पटलं तरच इन्स्टॉल. डिस्क पूर्ण पुसायचा पर्याय सगळ्यात सुटसुटीत. विंडोज सोबत ठेवायचं असेल, तर आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न करता लवकर सुरू करायची सोय) बंद करा आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्डडिस्क असेल, तर याच वेळी ती काढून एसएसडी बसवा. वेगात एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

इन्स्टॉल झाल्यावर अपडेट मॅनेजर चालवा, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरी टायपिंगची मांडणी) जोडा आणि मिंटमधल्या टाइमशिफ्ट प्रोग्रॅममध्ये पहिला स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची त्या वेळची प्रत, घेऊन ठेवा. पुढे एखादा अपडेट बिघडला तर सिस्टीम तिथून मागे नेता येते. टाइमशिफ्ट तुमच्या फाइल्स मात्र साठवत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.