प्रिंटमध्ये सावल्या डांबरासारख्या येतात? ब्लॅक अँड व्हाइट छापताना या चुका टाळा

सेवासीच्या वावेत खालच्या मजल्यावरचे खांब अंधारातून जेमतेम वर येतात. (मराठीत बारव, पण बडोद्यात जन्म काढलेले आम्ही वावच म्हणतो.) माझ्या स्क्रीनवर खांबांचं कोरीवकाम स्वच्छ दिसत होतं. १२ बाय १८ची प्रिंट हातात आली, तर तिथे नुसता काळा पट्टा. लॅबवाले भाई शांतपणे म्हणाले, "साहेब, फाइलमां ज काळुं छे." मी चिडलो. घरी येऊन कर्सर खांबावर नेला, तर आकडे ६, ७, ८ (० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पांढरा). भाईंचं खरं होतं.

सगळ्यात मोठी चूक ही स्क्रीनच्या उजेडाची. प्रिंटसाठी मॉनिटर साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरवर हवा, आणि माझा जवळपास पूर्ण ब्राइटनेसवर होता. कॅलिब्रेटर (स्क्रीनचा उजेड-रंग मोजणारं यंत्र) नसेल तर ज्या दिव्याखाली प्रिंट बघणार, तिथे कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा. स्क्रीनचा पांढरा ट्यूबलाइटसारखा झळकत असेल तर ब्राइटनेस उतरवा.

दुसरी चूक, कागदाला न विचारता छापणं. काळ्या पार्श्वभूमीवर ४, ८, १२, १६ असे ४०पर्यंतचे चौकोन काढा आणि त्याच कागदावर, त्याच सेटिंगने छापा. रात्रभर वाळू द्या, कारण ओल्या शाईवरून केलेला निवाडा चुकतो. पहिला वेगळा दिसणारा चौकोन कुठला ते बघा. माझ्या मॅट कागदावर १६पर्यंत सगळं एकच काळं, बरायटावर (किंचित चकाकी असलेल्या फोटो कागदावर) ८ दिसायला लागतो. मॅटचा काळा मुळातच फिका; त्याची घनता, म्हणजे काळेपणाचं माप, १.६-१.७च्या आसपास थांबते, चांगला बरायटा २.२च्या पुढे जातो. आता फोटोशॉपच्या कर्व्ह्जमध्ये (टोन वर-खाली करायच्या साधनात), जो तपशील दिसायलाच हवा तेवढाच त्या आकड्याच्या वर उचला. लेव्हल्समध्ये आउटपुटचा काळा सरसकट वर ओढलात तर सगळं चित्र राखेसारखं होतं. खराखुरा काळा कुठेतरी राहू द्या, त्याच्याशेजारीच सावली सावली वाटते.

प्रोफाइलचा (कागद-शाईप्रमाणे रंग जुळवणाऱ्या फाइलचा) घोळ बहुतेक वेळा दोनदा लावण्याचा असतो. फोटोशॉपमध्ये कागदाचं प्रोफाइल निवडलं असेल तर ड्रायव्हरमधलं (प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधलं) कलर मॅनेजमेंट बंदच हवं. दोन्ही चालू राहिलं की प्रिंटवर रंगाची झाक चढते आणि टोन बिघडतात. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (रंग कागदाच्या आवाक्यात बसवायची एक पद्धत) घेतलंत तर ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनवर (फाइलचा काळा कागदाच्या काळ्याशी जुळवणारा पर्याय) टिक करा, नाहीतर खालचे टोन कापले जातात. एपसनच्या ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये मात्र उलटं: तिथे सूत्रं प्रिंटरच्या हाती द्या, कागदाचं रंगीत प्रोफाइल मध्ये घालू नका.

लॅबला डॉट गेन २० टक्केवाली (छापखान्यात शाई पसरते त्या हिशेबाचं प्रोफाइल असलेली) ग्रेस्केल फाइल पाठवू नका. प्रोफाइल वाचलंच गेलं नाही तर सावल्यांचे टोन हलतात. एस-आरजीबीमध्ये (सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रमाण रंग-प्रोफाइलमध्ये) कन्व्हर्ट करून द्या. कन्व्हर्ट म्हणजे कन्व्हर्टच; असाइन केलंत तर आकडे तेच राहतात आणि चित्र बदलतं.

घरी छापणाऱ्यांनी ड्रायव्हरमध्ये मीडिया टाइप (कागदाचा प्रकार) तपासावा, कारण काळी शाई त्यावरून ठरते. मॅट कागदावर फोटो ब्लॅक शाई गेली की काळा मलूल पडतो, आणि ग्लॉसीवर मॅट ब्लॅक बोटाला लागतो. पावसाळ्यात कागद पाकिटातच ठेवा. बडोद्याच्या दमट हवेत कडा वर येतात आणि प्रिंटरच्या हेडला घासतात.

प्रिंट ट्यूबखाली हिरवट आणि गच्चीवर गुलाबी दिसत असेल तर प्रोफाइलशी भांडण्याआधी उजेड बदलून बघा. विशेषतः रंगीत शायांनी राखाडी छापला असेल तर हे हमखास होतं.

वावेची दुसरी प्रिंट बरायटावर काढली, खांब ८वरून १८वर उचलून. कोरीवकाम आलं. हौसेने पॅसेजमध्ये टांगली, तर तिथल्या पिवळट बल्बखाली खांब पुन्हा गायब! आता ती बैठकीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे.