महागड्या ब्लशचा स्वस्त ड्यूप शोधायचाय? आधी हे बघा

ड्यूप म्हणजे महागड्या वस्तूसारखाच दिसणारा स्वस्त पर्याय. तो शोधायचा म्हणजे बहुतेक जणी महागड्या ब्लशचं नाव टाकून सर्च मारतात आणि पहिल्या रीलमधे जे दाखवलं ते ऑर्डर करून मोकळ्या होतात, मग गालावर लावलं की भलतंच काहीतरी दिसतं कारण रीलवालीची स्किन वेगळी आणि आपली वेगळी. म्हणून आधी ठरवा की त्या ब्लशमधलं तुम्हाला नक्की काय आवडलंय, शेड, चमक की टेक्श्चर. तिन्ही एकाच स्वस्त डबीत मिळणं अवघड आहे, पण त्यातलं एक हवं असेल तर आरामात मिळतं.

नार्स या ब्रँडचा ऑरगॅझम घ्या, १९९९ पासूनचा प्रसिद्ध ब्लश. पीच-गुलाबी रंग आणि त्यात सोनेरी शिमर. अमेरिकेत राहणाऱ्यांना मिलानीचा ल्युमिनोसो आणि वेट एन वाइल्डचा पर्लेसंट पिंक ही दोन नावं त्याच्या जोडीला नेहमी ऐकू येतात, आणि गोऱ्या स्किनवर ते ठीकच आहेत. पण सावळ्या गालावर मूळ ब्लशचाच रंग फारसा उठत नाही, नुसतं शिमर दिसतं, मग त्याची हुबेहूब कॉपी घेऊन आपल्याला काय मिळणार? तिथे गडद कोरल किंवा विटकरी मॅट (बिनचमकीचा) ब्लश लावायचा आणि गालाच्या हाडावर सोनेरी हायलायटर अगदी पुसटसा, की तोच इफेक्ट येतो, आणि आपल्या रंगावर जास्त छान येतो. मेबेलिन, लॅक्मे, स्विस ब्युटी, इनसाइट, मार्स, आपल्याकडच्या कॉस्मेटिक्सच्या दुकानात यातलं काही ना काही असतंच. गव्हाळ रंगाला कोरल आणि गुलाबाच्या पाकळीसारखा मळकट गुलाबी, सावळ्याला बेरी, प्लम, विटकरी, अगदी भडक नारिंगीसुद्धा. डबीत बघून घाबरू नका, गालावर हे रंग खूप शांत होतात.

उलट डबीत जो गोड दुधट गुलाबी दिसतो त्याच्यापासून जरा जपून. त्यात पांढऱ्या रंगद्रव्याचं, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असू शकतं (पॅकवर सीआय ७७८९१ असं लिहिलेलं असतं) आणि त्याने आपला चेहरा राखाडी दिसतो. फक्त हा नंबर दिसला म्हणून लगेच नको म्हणू नका, घटकांच्या यादीत रंग शेवटी कुठल्याही क्रमाने लिहितात त्यामुळे प्रमाण त्यावरून कळत नाही, ते स्वॉच करूनच, म्हणजे थोडासा हातावर लावून बघूनच कळतं. आणि शुद्ध शाकाहारी असाल तर सीआय ७५४७० बघा, तो कार्माइन, किड्यांपासून काढलेला लाल रंग.

स्वॉच कसं करायचं तर टेस्टरवरचा वरचा थर टिश्यूने पुसून, बोटाने हाताच्या मागच्या बाजूला, आणि मग दुकानाच्या बाहेर उन्हात येऊन तो हात गालाशेजारी धरून बघा. दुकानातल्या पांढऱ्या लाइटखाली सगळंच गुलाबी दिसतं! दुसऱ्यांनी वापरलेला टेस्टर थेट चेहऱ्यावर लावू नका. मग हातावरचा रंग बोटाने पसरवा, कडा विरघळली पाहिजे, ठिपके ठिपके राहिले तर ठेवून द्या.

लिक्विड ब्लशचं गणित वेगळं. सेलेना गोमेझच्या रेअर ब्युटीचा सॉफ्ट पिंच एवढा गाजला तो पिगमेंटमुळे, म्हणजे त्यातल्या भरपूर रंगद्रव्यामुळे, एक ठिपका गालभर पुरतो, त्यामुळे साडेसात मिलीची बाटली खूप दिवस चालते. म्हणून नुसती किंमत बघू नका, किंमत भागिले ग्रॅम किंवा मिली करा आणि एका वेळी किती लागतो तेही बघा, फिकट स्वस्त ब्लश पाच वेळा लावावा लागला तर तो स्वस्त कुठे राहिला. एल्फचा कॅमो लिक्विड ब्लश याच जातीचा, पिगमेंट भरपूर. काही लिक्विड पटकन सुकतात, तेव्हा एक गाल पूर्ण ब्लेंड करून मगच दुसऱ्याला हात लावा, आणि खाली पावडर लावलेली नको, नाहीतर पॅच पडतात. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत वरून त्याच रंगाचा पावडर ब्लश हलकेच फिरवला की जास्त टिकतो.

नवीन काही घ्यायचंच नसेल तर घरातली क्रीमी लिपस्टिक बोटावर घेऊन थापटत लावा, मॅट लिक्विड लिपस्टिक मात्र नको, ती सुकली की ब्लेंडच होत नाही.

आणि ड्यूप वेगळा, नकली माल वेगळा. मोठ्या ब्रँडचं नाव आणि पॅकिंग हुबेहूब, किंमत मात्र शंभर-दीडशे, असं दिसलं तर कितीही मोह झाला तरी घेऊ नका, त्यात काय घातलंय ते कोणालाच माहीत नसतं आणि ते आपण चेहऱ्यावर लावणार असतो. साध्या देशी ब्रँडचा ब्लश घ्या, फक्त पॅकवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि एक्सपायरी आहे ना बघा, इम्पोर्टेड असेल तर इम्पोर्टरचं नाव.