मुदत उलटून राहिल्यानंतर अमेरिकेच्या जोडीदार-व्हिसासाठी अर्ज करताना

पूर्वी अमेरिकेत मुदतीपेक्षा जास्त राहून परत आलेल्या आणि आता तेथील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदारामार्फत पुन्हा जाऊ इच्छिणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडच्या अर्जदाराने सर्वांत आधी जुन्या मुक्कामाच्या तारखा कागदावर मांडाव्यात. व्हिसावरील अंतिम तारीख आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश करताना होणारी सरकारी नोंद) यावरील मुदत यांत अनेकांची गल्लत होते. मुक्काम कधी संपायला हवा होता हे आय-९४ वरून ठरते. विद्यार्थी व्हिसाच्या आय-९४ वर बहुधा तारीखच नसते, त्यामुळे तेथील मोजणी वेगळी असते आणि ती जाणकाराकडूनच करून घ्यावी. कागद हरवले असतील, तर तेथील माहिती अधिकार कायद्याखाली स्वतःच्या फाइलची प्रत मागवता येते. ती हाती येईपर्यंत कोणताही फॉर्म भरू नये.

वयाच्या अठराव्या वर्षानंतर १८० दिवसांहून अधिक, पण एक वर्षाहून कमी काळ बेकायदा राहून, हद्दपारीची कारवाई सुरू होण्याआधी स्वतःहून देश सोडला असेल, तर सोडल्या दिवसापासून ३ वर्षे प्रवेशबंदी असते. एक वर्ष किंवा अधिक झाले असेल तर १० वर्षे. ज्याला हद्दपारीचा आदेश झाला होता, त्याला बंदीच्या काळात परत जायचे असल्यास आय-२१२ ही वेगळी परवानगी लागते.

जोडीदाराने भरायचा आय-१३० अर्ज केवळ नाते सिद्ध करतो, म्हणून तो बंदीच्या काळातही मंजूर होऊ शकतो. अडचण येते ती पुढे, व्हिसाच्या मुलाखतीत. तेथे अधिकाऱ्याने अपात्र ठरवल्यावर आय-६०१ हा बंदीतून सवलत मागण्याचा अर्ज करता येतो. त्यात नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराला अथवा आईवडिलांना ‘अतिशय कष्ट’ सोसावे लागतील हे दाखवायचे असते. अर्जदाराचे स्वतःचे हाल येथे मोजले जात नाहीत, आणि विरहाचे दुःख एवढ्यावर सहसा भागत नाही. पत्नीचे चालू उपचार, तिच्यावर अवलंबून असलेली वृद्ध आई, कर्जाचे हप्ते, आणि ती खानापूर तालुक्यात येऊन राहिली तर तिचा व्यवसाय व उपचार कसे खंडित होतील, हे डॉक्टरांच्या व बँकेच्या कागदांनिशी मांडावे. बंदी संपायला थोडेच महिने उरले असतील, तर या खटाटोपापेक्षा थांबणे बहुधा शहाणपणाचे.

‘जुने काही सांगू नका, कोण बघतंय’ असा सल्ला देणारे एजंट गावोगाव भेटतात. डीएस-२६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात मात्र पूर्वी मुदत उलटून राहिलात का, हा प्रश्न थेट विचारलेला असतो. मुदत उलटल्याची बंदी ठरावीक वर्षांनी संपते, परंतु व्हिसासाठी जाणूनबुजून खोटे सांगितल्याचा ठपका आयुष्यभर राहतो आणि त्यालाही पुन्हा तीच कष्टाची सवलत मागावी लागते. पूर्वी कागदोपत्री खोटे लग्न केल्याचे सिद्ध झाले, तर नव्या, खऱ्या लग्नाचा आय-१३० सुद्धा मंजूर होत नाही.

सीमाभागातील कागदांची एक खास अडचण आहे. जन्माचा जुना दाखला कन्नडमध्ये, शाळा सोडल्याचा दाखला मराठीत आणि पासपोर्ट इंग्रजीत असल्यामुळे एकाच माणसाच्या नावाची तीन स्पेलिंगे सहज होतात. कुठे वडिलांचे नाव मधे असते, कुठे आडनावच गळालेले असते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगाव शहराचे अधिकृत नाव बदलून ‘बेळगावी’ झाल्याने जन्मस्थळही दोन प्रकारे लिहिलेले आढळते. नावांतील फरकाचे प्रतिज्ञापत्र करून घ्यावे. कन्नड व मराठी कागदांचे पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे आणि त्याखाली भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचे, तसेच आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे. सब-रजिस्ट्रार कार्यालयातील विवाह नोंदणीचा दाखला लागतोच. लग्नपत्रिका आणि फोटो हे पूरक पुरावे. भारतातील पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो, आणि आखातात वर्षभर किंवा अधिक काळ राहिलेल्यांना त्या देशाचाही आणावा लागतो. मुंबईच्या मुलाखतीला जाताना या सर्वांच्या मूळ प्रती जवळ ठेवाव्यात, आणि आय-६०१ ची वेळ येणार असेल तर अमेरिकेत वकिलीचा परवाना असलेल्या व्यक्तीकडून फाइल आधीच तपासून घ्यावी.