संत्र्याच्या कलमा घेता, तर खाली खुंट कोणता ते विचारा

पाऊस लागला की पन्हेरीवर, म्हणजे रोपवाटिकेवर, गाड्यांची रांग लागते अन् दोन दिवसात सगळं उरकायचं असतं, म्हणून हे आत्ताच वाचून घ्या. नागपूर जिल्ह्यात काटोल, नरखेड, कळमेश्वर कुठंही विचारा, कोणती कलम लावली? उत्तर एकच, नागपुरी. अहो, ते तर वर बांधलेल्या डोळ्याचं, म्हणजे कळीचं, नाव झालं, जमिनीत कोण गेलं?

संत्र्याच्या एका कलमेला दोन नावं लागतात. वर संत्रा, म्हणजे सिट्रस रेटिक्युलाटा, वाण नागपुरी किंवा नागपूर सीडलेस. खाली खुंट, म्हणजे ज्याच्या मुळावर तो डोळा बांधतात ते रोप: जंबेरी, म्हणजे सिट्रस जंभिरी, नाहीतर रंगपूर लाईम, म्हणजे सिट्रस लिमोनिया. लाईम म्हटलं म्हणून हिरवं लिंबू डोळ्यासमोर आणू नका, त्याचं पिकलेलं फळ नारंगी असतं, चव मात्र आंबटच. भारी काळ्या जमिनीत डिंक्यापुढं, म्हणजे बुंधा कुजून डिंक गळतो त्या रोगापुढं, रंगपूर जास्त तग धरतो, जंबेरी लवकर बळी पडते. आणि नेमकं हेच नाव बिलावर नसतं.

शेजारच्या बागेत सहा वर्षांची झाडं पिवळी पडली. बुंध्याची साल नखानं खरवडली तर आत तपकिरी, कुजका वास, वर डिंकाचे थेंब. तोवर दुकानातून टॉनिक, ह्युमिकच्या बाटल्या येऊन संपल्या होत्या. खुंट कोणता होता हे घरात कुणालाच सांगता येईना, आता नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागा, भरायच्या तर कशानं?

सुपर, स्पेशल, हायब्रीड असलं काही सांगून कलमेमागे जास्त पैसे मागितले तर देऊ नका, ते वाणाचं नाव नाहीच. खुंटावर फुटवा आला तर काढायच्या आधी पान चुरगाळून वास घ्या, लिंबाचा उग्र वास आला तर मी जंबेरी धरतो, पण हा माझ्या नाकाचा अंदाज, त्यावर खरेदी करू नका.

बाकी नेहमीचंच:
- अंतर ६ × ६ मीटर, हेक्टरी २७७ झाडं
- खड्डा ७५ सेंमी लांब, रुंद, खोल
- डोळा जमिनीपासून २५ सेंमी वर, मातीत गाडू नका
- बुंध्याला बोर्डो मलम १:१:१० (मोरचूद, चुना, पाणी), पावसाआधी अन् पावसानंतर
- डिंक्या दिसला तर मेटॅलॅक्झिल एम ४% + मॅन्कोझेब ६४%, लिटरला २.५ ग्रॅम, बुंध्याशी
- पाणी साचतं तिथं आधी चर काढा, मग कलम

पन्हेरीवाल्याकडून बिलावर वाण आणि खुंट दोन्ही लिहून घ्या, नाही म्हणाला तर दुसऱ्याकडं जा. दोन खुंट आणले तर ओळी वेगळ्या ठेवा, ओळीच्या पहिल्या झाडाला पत्र्याची पट्टी बांधा अन् बिलाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.