टांझानियात सेवेला निघालेल्या घरासाठी

आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीतलं एक तरुण जोडपं दोन लहान लेकरांना घेऊन मिशनसेवेसाठी टांझानियाला निघालं आहे. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "ताई, सामानात काय काय घ्यायचं?" सामानाचं शेवटी सांगते. आधी तिथला दिवस कसा लावायचा ते ऐका, कारण आमची पहिली दोन वर्षं त्यातच ओढाताणीत गेली.

आम्ही नऊ वर्षांपासून व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, म्वांझा शहरापासून दोन तासांवरच्या एका गावात राहतो. माझे यजमान बायबल शाळेत शिकवतात, मी दुपारी बायकांचा वाचनवर्ग घेते. मोठी लेक, धाकटा मुलगा. मी सांगते ते या एका घरातलं आहे. शहरात किंवा थंड डोंगराळ भागात राहणाऱ्यांचा संसार वेगळा असतो.

घड्याळ आणि जीभ

तिथं तास मोजायला सुरुवात सूर्योदयापासून होते. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास, 'सा मोजा'. आपले नऊ म्हणजे 'सा तातू', तिसरा तास. बायबलमधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला मजूर आणायला जातो ना, तेच मोजमाप. काट्यांचं घड्याळ जवळ असेल तर सोपी युक्ती आहे: तास काटा ज्या आकड्यावर आहे त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा. पहिल्याच महिन्यात एका घरी 'सा तातू'ला बोलावलं होतं आणि आम्ही दुपारी तीनला पोचलो. त्या माउलीनं सकाळपासून जेवण झाकून ठेवलं होतं. ती काही बोलली नाही, पण तिचा शिणलेला चेहरा मला अजून आठवतो. म्हणून पहिले काही महिने कुणी वेळ सांगितली की "सकाळी की दुपारी?" एवढं विचाराच.

भाषेला घाबरू नका. स्वाहिलीत आपले कितीतरी शब्द भेटतात. दुकान म्हणजे 'दुका', गाडी म्हणजे 'गारी', रंग 'रांगी', हिशोब 'हेसाबू', विमा 'बिमा', लाख 'लाकी', कोशिंबीर 'काचुंबारी', आणि पैशाला 'पेसा'. नात्यांच्या शब्दांत मात्र जपा. 'मामा' म्हणजे आई, 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे बहीण. आमची लेक धाकट्याला मराठीत सांगायची, "मला दादा म्हण, इथं चालतं." बाईला तिच्या पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात, आपल्याकडे 'अमक्याची आई' म्हणतात तशी.

भाषाशाळेत चार महिने काढा, त्यात काटकसर करू नका. आम्ही मोरोगोरोला शिकलो. गावात आल्यावर कळलं की घराघरांतून सुकुमा लोकांची स्वतःची भाषा बोलतात. सकाळी एखाद्या म्हाताऱ्या आजीला 'म्वांगालुका' म्हणा, ती हात हातात धरून ठेवते. वडीलधाऱ्यांना स्वाहिलीत 'शिकामो' म्हणायचं, त्यावर ते 'माराहाबा' म्हणतात. लेकरांना हे विमानात बसण्याआधीच शिकवून ठेवा. शिकामो न म्हणणारं मूल तिथं वळण नसलेलं समजतात.

भाकरी

ज्याच्या पोटात घरचं अन्न नाही त्याचं मनही थाऱ्यावर राहत नाही, हे मी लेकरांकडे पाहून शिकले. पण त्यासाठी पन्नास किलो किराणा न्यायची गरज नाही. बाजारात नीट पाहिलं की आपलंच धान्य दुसऱ्या नावानं बसलेलं असतं: तूर म्हणजे 'म्बाझी', मूग 'चोरोको', चवळी 'कुंदे', शेंगदाणे 'कारांगा', तीळ 'उफुता', भेंडी 'बामिया'. 'म्चिचा' नावाची जुडी मिळते तो आपला माठ. लसूण-मिरचीवर परता, वर शेंगदाण्याचं कूट घाला.

ज्वारीला 'म्तामा' म्हणतात. लाल-तपकिरी ज्वारी घेऊ नका, तिची भाकरी कडसर लागते. पांढरी शोधा, मिळेल तेव्हा पोतंभर घेऊन ठेवा आणि पीठ मात्र आठवड्यापुरतंच दळा, कारण विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापता थापता चिरते. गावातल्या गिरणीत दिवसभर मका दळतात. तुमच्या पिठात मका मिसळायला नको असेल तर गिरणीवाल्याला सांगून आदल्या कुणाचं पीठ निघून गेल्यावर थोडी ज्वारी आधी टाका, ते पहिलं पीठ वेगळं काढा आणि मग बाकीची ओता.

पण 'उगाली' खायला पहिल्याच दिवशी शिका. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हातानं तोडायचा, अंगठ्यानं खळगा करायचा आणि भाजीत बुडवायचा. सरोवरातली वाळवलेली बारीक मासळी 'डागा' सोबत असते. सुकट खाणाऱ्या घराला ती परकी वाटत नाही. आधी कोरडी भाजून डोकी मोडून टाका, मग टोमॅटो-कांद्यावर शिजवा.

पाण्याचं थोडक्यात. पत्र्याच्या छपराला पन्हळ लावून मोठी टाकी बसवून घ्या. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका, छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात येते. जून ते सप्टेंबर कोरडे, तेव्हा टाकीला कुलूप लावण्याचा मोह होतो. लावू नका. आम्ही लावलं होतं आणि तीन आठवडे दारात कुणी आलं नाही. आता शेजारच्या चार घरांना रोज एकेक बादली ठरलेली आहे, आम्हीही बादल्या मोजूनच वापरतो. पिण्याचं पाणी गाळून, खळखळून उकळून घ्या. आणि सरोवर कितीही निळं दिसलं तरी लेकरांना काठच्या पाण्यात उतरू देऊ नका. तिथल्या गोगलगायींतून 'किचोचो' नावाचा आजार कातडीवाटे अंगात शिरतो, शौचातून किंवा लघवीतून रक्त जाऊ शकतं. कधी पाण्यात गेलेच तर न लपवता दवाखान्यात सांगा, त्यावर गोळ्या आहेत.

दार

हे नीट वाचा, कारण सेवा म्हणतात ती बहुतेक इथं घडते.

सकाळी साडेपाचला उठून आम्ही चौघं अर्धा तास मराठीत प्रार्थना करतो. एक गीत, एक अध्याय, प्रत्येकाची एक विनंती. साडेसहाला पहिली हाक येते, "होडी!" म्हणजे आत येऊ का. आपण "कारिबू" म्हणायचं, म्हणजे या. कोणी अंडी घेऊन आलेलं असतं, कोणी चिठ्ठी वाचून घ्यायला, कोणी नुसतं बसायला. पहिल्या वर्षी मी वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं आणि प्रत्येक 'होडी'ला माझ्या पोटात गोळा यायचा, की आता वर्गाची तयारी राहिली. मग शेजारच्या बीबीनं, म्हणजे आजीनं, एकदा शांतपणे विचारलं, "तुम्ही आमच्यासाठी आलात ना? मग आम्ही आलो की तुम्ही घड्याळ का बघता?" त्या रात्री ते वेळापत्रक काढून टाकलं.

आता असं करतो. सकाळी साडेआठपर्यंत दार उघडं. चहाचं पातेलं चुलीवर कायम, त्यात दोन कप जास्तीचे. दुपारी दोन ते तीन दार लोटलेलं, आणि हे सगळ्या गावाला माहीत आहे, कारण आम्ही ते मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या चर्चच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, विचारून ठरवलं. आपण एकट्यानं ठरवलेला नियम उद्धटपणा वाटतो. त्यांच्या तोंडून गेलेला नियम चालतो.

पाहुणा निघाला की उंबऱ्यातून हात हलवू नका. वाटेवर थोडं अंतर त्याच्याबरोबर चालत जायचं असतं. मनातली खरी गोष्ट पुष्कळदा तिथंच, चालता चालता निघते. घरात तासभर पावसापाण्याचं बोललेली बाई वाटेवर म्हणते, नवरा सहा महिने घरी आला नाही.

पैसे मागायला लोक येतील. आमचा नियम असा: भुकेल्याला खायला लगेच, न विचारता. दवाखान्याला लगेच, पण बरोबर जाऊन. बाकीचं, म्हणजे गणवेश, छप्पर, धंद्याचं भांडवल, मंडळीच्या वडिलांकडे. त्यांना कुणाची खरी नड आहे ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं. सुरुवातीला मी दारातच नोटा द्यायची. त्यातून दोन शेजारणींचं बोलणं तुटलं, ते जुळायला वर्ष लागलं.

आणि घ्यायला शिका. हे मला सगळ्यात जड गेलं. आपण द्यायला आलो आहोत हे डोक्यात इतकं पक्कं असतं की गरीब घरातली कोंबडी हातात आली की आपण "नको, नको" म्हणतो. कोंबडी दोन्ही हातांनी घ्या. नाही म्हटलंत तर त्या घराला तुम्ही सांगितलंत की तुमचं आम्हाला चालत नाही.

कुणी गेलं तर त्या घरी जायचंच. वर्ग रद्द करा, प्रवास पुढे ढकला. बायका कांगा, म्हणजे अंगाभोवती घ्यायचं रंगीत कापड, गुंडाळून आत जमिनीवर बसतात, पुरुष बाहेर झाडाखाली. काही बोलावं लागत नाही, 'पोले', म्हणजे वाईट वाटलं, एवढं पुरतं. सोबत पीठ, साखर किंवा जमेल ती रक्कम द्यायची. दुसऱ्या दिवशीही जा, भांडी घासा. आमचा धाकटा तापानं फणफणला होता त्या आठवड्यात ज्या बायका माझ्या अंगणात चटया टाकून बसल्या, त्या सगळ्या मला अशाच एका म्सिब्यात, दुखवट्याच्या घरी, भेटलेल्या होत्या.

ताप

तापाला थांबू नका. कणकण वाटली त्याच दिवशी बोटातल्या रक्ताची मलेरिया तपासणी करून घ्या. आमच्याकडून एकदा उशीर झाला. सर्दीचा ताप समजून दोन रात्री काढल्या, तिसऱ्या दिवशी मुलाला झटके आले. देवानं राखलं. तपासणी होकारार्थी आली की बहुधा 'म्सेतो'च्या गोळ्या देतात. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, तीन दिवसांत सहा वेळा, पोटात काहीतरी तेल-तुपाचं किंवा दूध असताना. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. औषध लावलेली मच्छरदाणी सूर्य मावळायच्या आत गादीखाली खोचून ठेवा. पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्या. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, मग जन्मभर चालतं.

लेकरं

सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत, माध्यमिक इंग्रजीत, वर्ष जानेवारीला सुरू. आम्ही दोघांनाही गावच्या शाळेत घातलं आणि त्याचा मला कधी पस्तावा झाला नाही. त्यांची भाषा आमच्यापेक्षा चांगली झाली, आणि मित्रांच्या मागोमाग त्यांच्या आया घरी आल्या. मराठी मात्र हट्टानं राखावी लागते. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतात. संध्याकाळी अर्धा तास, जेवणाआधी. नगरची सकाळी नऊची उपासना आमच्याकडे साडेसहाला असते, वेळेत अडीच तासांचं अंतर. नेटवर्क असेल तर रविवारी पहिलं गीत तरी आजी-आजोबांसोबत फोनवर म्हणतो. मग दहाला गावची उपासना, तीन तास, तीन-तीन गायकवृंद. शेवटी बाहेर झाडाखाली अर्पणातल्या अंड्यांचा, केळ्यांच्या घडांचा लिलाव. आपल्या मंडळीत हंगामाच्या सणाला होतो तसाच. पहिल्यांदा तो लिलाव ऐकला तेव्हा मी रडले.

पत्रं

पाठवणाऱ्या मंडळीला तिमाही पत्र लिहा. फाटक्या कपड्यांतल्या मुलांचे फोटो पाठवू नका. ज्याचा फोटो त्याला विचारा, मुलाचा असेल तर आईला विचारा. आणि स्वतःबद्दल कमी, तिथल्या कामकऱ्यांबद्दल जास्त लिहा. आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. १८७३ मध्ये तो वारल्यावर त्याचं शव हजार मैलांहून जास्त वाटेनं बागामोयोच्या किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. गुलामीतून सुटलेला हा आफ्रिकी तरुण आपल्या नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनशाळेत शिकलेला होता. निघण्याआधी लिव्हिंग्स्टनचं काळीज तिथंच एका झाडाखाली पुरलं, तेव्हा दफनाची प्रार्थना जेकबनं वाचली, झाडावर नाव त्यानंच कोरलं. पत्र लिहायला बसले की मला तो आठवतो, आणि मी आमच्या गावच्या सुवार्तिकाचं, म्हणजे येशूची सुवार्ता सांगणाऱ्या भावाचं, नाव पहिल्या ओळीत घालते.

सामान

कागद आधी: मिशनऱ्यांना 'सी' वर्गाचा निवास परवाना लागतो, तो तिथल्या मंडळीमार्फत होतो. लेकरांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रं यांच्या प्रती दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा. भाकरीचा लोखंडी तवा न्या. पोळपाट-लाटणं नेऊ नका, चपाती तिथंही करतात, म्हणून ते तिथं मिळतं. काळा मसाला दोन किलो, हिंग, आमसुलं. मोठ्या अक्षरातलं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, आणि गीतांचं पुस्तक. वजनकाटा छोटासा, औषधाच्या मात्रेसाठी. चांगली विजेरी. वीज आधी पैसे भरून घ्यावी लागते, फोनवर वीस आकडी क्रमांक येतो तो मीटरमध्ये घालायचा. भरलेले पैसे नेमके रात्री संपतात.

पोचलात त्या दिवशी बॅगा उघडत बसू नका. अंधार पडायच्या आत लेकरांना घेऊन शेजारच्या दारात जा, बाहेरूनच "होडी" म्हणा. आतून "कारिबू" आलं की चपला काढा, आत बसा आणि पुढ्यात येईल ते खा.