शेततळ्यातील गाळ : पावसाळ्यापूर्वी करावयाची कामे

मे महिन्यात शेततळे कोरडे पडले की यंत्र बोलावण्याआधी गाळाची जाडी मोजावी. अस्तर नसलेल्या तळ्यात चार-पाच ठिकाणी गज रोवला की कडक तळ कुठे लागतो ते कळते. तळ २१ मीटर लांब व तेवढाच रुंद असेल, तर ३० सेंटिमीटर गाळाने सुमारे १ लाख ३२ हजार लिटर पाण्याची जागा अडवलेली असते.

पाझर तलावात गाळामुळे पाणी मुरणे थांबते, म्हणून तेथील गाळ पूर्ण काढणे योग्य आहे. मुरमात खोदलेल्या साठवण तळ्यात मात्र तळाचा चिकण थरच पाणी धरून ठेवतो, तेव्हा तो वीतभर राहू द्यावा. हौसेने मुरूम उघडा पाडल्यास तळे दिवाळीपर्यंतही पुरत नाही. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात जेसीबी किंवा लोखंडी फावडे उतरवू नये. काढलेला गाळ क्षार तपासून हलक्या, बरड जमिनीत पसरावा. भारी काळ्या रानात तो टाकल्यास निचरा बिघडतो.

तळ्याच्या तोंडाशी गाळ अडवण्यासाठी खड्डा असतोच, पण त्याच्यावर सगळी भिस्त ठेवणे चुकीचे आहे. ओढ्याचे गढूळ पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवावे: रेव लगेच तळाशी बसते, पोयटा काही तासांत बसतो, पण पाणी दुसऱ्या दिवशीही चहासारखेच दिसते. चिकणमातीच्या ०.००२ मिलिमीटरच्या कणाला स्थिर पाण्यात १० सेंटिमीटर खाली जाण्यास सात-आठ तास लागतात. वाहत्या पाण्यात तो खड्ड्यात थांबेल कसा? त्यामुळे खड्ड्यात रेव अडते आणि बारीक माती तळ्यात उतरते. ती रानातच अडवायला हवी. त्यासाठी उताराला आडवी पेरणी करावी, फुटलेले बांध जूनपूर्वी सांधावेत आणि तळ्याकडे पाणी येणाऱ्या वाटेवर वाळा किंवा हराळीचा दाट पट्टा ठेवावा. नांगरलेल्या उघड्या रानावरून येणारे पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सर्वाधिक गढूळ असते. पाऊसमान भरवशाचे असेल तर ते बगल देऊन सोडून द्यावे. प्रत्येक मोठ्या पावसानंतर खड्डा रिकामा करावा, कारण भरलेल्या खड्ड्यावरून रेवसुद्धा सरळ आत जाते.

ठिबकासाठी पाणी उपसताना फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या उपसा पाइपाच्या टोकाची झडप) तळाशी न टेकवता रिकाम्या, बूच लावलेल्या कॅनला बांधून पृष्ठभागाच्या हात-दीड हात खाली लोंबता ठेवावा, आणि त्यापुढे सँड फिल्टर बसवावा.